पेशंट किती उंचीवर आहे?

१७ जानेवारी १९४३. कराचीच्या धावपट्टीवर अमेरिकी लष्कराचं एक वाहतूक विमान उभं आहे. एल्सी ऑट नावाची एक तरुण लष्करी नर्स पाच पेशंट घेऊन त्यात चढते. जायचं आहे वॉशिंग्टनला. हे काम तिला सांगितलं गेलं त्याला जेमतेम एक दिवस झाला आहे, आणि त्याआधी ती आयुष्यात कधी विमानात बसलेलीच नाही. पेशंटांपैकी दोघं कमरेखाली लुळे, एकाला क्षय. सोबत डॉक्टर नाही. बोटीनं हाच प्रवास तीनेक महिन्यांचा होता. आफ्रिका आणि अटलांटिक ओलांडून साडेसहा दिवसांत ऑटनं आपली माणसं अमेरिकेत पोचवली.

पोचल्यावर तिनं पुढच्यांसाठी एक यादी केली. विमानात ऑक्सिजन हवा. मलमपट्टीचं सामान जास्त हवं. ब्लँकेटं हवीत, कॉफी हवी. आणि स्कर्ट घालून हे काम करता येत नाही. पुढे याच उड्डाणासाठी तिला 'एअर मेडल' मिळालं. अमेरिकी लष्करात ते मिळवणारी ती पहिली स्त्री. तिच्या उड्डाणाला महिना होतो न होतो तोच, १८ फेब्रुवारी १९४३ रोजी, केंटकीतल्या बोमन फील्डवर फ्लाइट नर्सची पहिली तुकडी प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडली.

यादीतल्या कॉफी-ब्लँकेटांच्या शेजारी ऑक्सिजन किती साधेपणानं बसला आहे! पण फ्लाइट नर्सच्या कामाचा गाभा त्याच एका शब्दात आहे. ऑक्सिजन कमी पडला हे कळायला यंत्रं आहेत. तो नेमका कुठे कमी पडला, हे ओळखायला मात्र माणूस लागतं. आणि त्या माणसाला एक प्रश्न सतत विचारावा लागतो. विमान किती उंचीवर आहे, ते पायलट बघतोय. माझा पेशंट किती उंचीवर आहे?

कळसूबाईवर आणखी अर्धी कळसूबाई

उंचावर हवेत ऑक्सिजनचं प्रमाण कमी होतं, असं आपण सर्रास म्हणतो. ते खरं नाही. मुंबईच्या चौपाटीवर आणि एव्हरेस्टच्या माथ्यावर ऑक्सिजन सारखाच, शेकडा २१. कमी होतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीला तो पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर उंचीइतका असतो. ८,००० फुटांवर ५६५ उरतो आणि १८,००० फुटांवर निम्मा. ऑक्सिजनला फुफ्फुसातून रक्तात ढकलतो तो हाच दाब. तो घटला की हवा तीच राहते, पण तिच्यातला रेटा जातो.

प्रवासी विमानं ३५,००० फुटांवरून उडतात, पण आतली हवा दाबून ठेवलेली असते. तरी ती समुद्रसपाटीइतकी दाबत नाहीत, कारण तेवढा ताण सोसायला विमानाचा सांगाडा फार जड करावा लागेल. म्हणून केबिनमधली हवा जास्तीत जास्त ८,००० फुटांवरच्या हवेइतकी विरळ होऊ देतात. ८,००० फूट म्हणजे किती? महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर, म्हणजे साधारण ५,४०० फूट. तिच्या माथ्यावर आणखी अर्धी कळसूबाई रचली की आपण विमानाच्या खुर्चीत बसलेलो असतो.

धडधाकट माणसाला हे जाणवतही नाही. समुद्रसपाटीला त्याच्या फुफ्फुसातल्या वायुकोशांत ऑक्सिजनचा दाब १०० च्या आसपास असतो. केबिनमध्ये तो ६५ पर्यंत येतो, रक्तात ६० च्या आसपास. एक तृतीयांशाहून जास्त घट झाली, तरी बोटाला लावलेलं ऑक्सिमीटर ९७ वरून ९०-९२ वर येऊन थांबतं. एवढीशीच का घट? कारण हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन यांचं नातं सह्याद्रीसारखं आहे. वर लांबच लांब पठार. चालत राहा, उंची फारशी बदलत नाही. मग एकदम कडा, आणि खाली कोकण. दाब १०० वरून ६० पर्यंत येतो तोवर आपण पठारावर असतो. ६० च्या खाली, म्हणजे ऑक्सिमीटरवरचा आकडा, सॅच्युरेशन, ९० च्या खाली गेला, की पाय कड्यावरून सुटतो. तिथून दाबातली थोडीशी घटही सॅच्युरेशन धडाधड खाली आणते.

आता मुंबईत खाटेवर पडलेला, फुफ्फुसं जुनाट दम्यानं झिजलेली असा एखादा म्हातारा घ्या. त्याच्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब जमिनीवरच ६० आहे. म्हणजे तो निजल्या जागी ८,००० फुटांवर आहे. कड्याच्या कोरेवर. त्याला विमानात घालणं म्हणजे त्या उंचीवरून आणखी तेवढंच चढायला लावणं.

म्हणून उड्डाणाआधी नर्स कागदावर एक गणित मांडते. पेशंट समुद्रसपाटीला ५० टक्के ऑक्सिजनवर असेल, तर ८,००० फुटांच्या केबिनमध्ये तोच परिणाम मिळवायला किती टक्के लागेल? ५० गुणिले ७६०, भागिले ५६५. उत्तर ६७. व्हेंटिलेटरवर ६७ लावता येतात, चला. पण पेशंट आधीच ८० टक्क्यांवर असेल तर उत्तर येतं १०८. शंभर टक्क्यांच्या वर ऑक्सिजन कुणीच देऊ शकत नाही. मग पायलटला सांगावं लागतं की केबिनचा दाब जमिनीइतका ठेवा. त्यासाठी विमान खालच्या पातळीवरून न्यावं लागतं, इंधन जास्त जाळावं लागतं, हेलकावेही जास्त सोसावे लागतात. तेही शक्य नसेल, तर आज निघायचं नाही. फ्लाइट नर्सिंगमधले कित्येक जीव अशा न झालेल्या उड्डाणांनीच वाचतात.

दुसरं गणित सिलिंडरचं. आपल्याकडचा बी टाइप सिलिंडर भरलेला असेल तर त्यात १,५०० लिटर ऑक्सिजन मावतो. मिनिटाला १० लिटर लागणाऱ्या पेशंटला तो अडीच तास पुरतो. उड्डाण दीड तासाचं आहे म्हणून निर्धास्त राहिलं की घात झालाच. वॉर्डातून अँब्युलन्स, अँब्युलन्समधून धावपट्टी, परवानगीसाठी थांबणं, उतरल्यावर पुन्हा रस्ता आणि त्यावरचं ट्रॅफिक हे सगळं धरायचं. हिशेब खाटेपासून खाटेपर्यंत करायचा, आणि येईल त्याच्या दुप्पट न्यायचं.

हंडा कोरडा का?

दुष्काळी तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवरचे हंडे कोरडे का, याची चार वेगवेगळी उत्तरं असू शकतात. जिथे टँकर भरायचे ती विहीरच आटली. किंवा विहिरीला पाणी आहे, पण अख्ख्या तालुक्याला टँकर तीनच. किंवा टँकर भरपूर आणि भरलेलेही, पण ओढ्यावरचा पूल खचल्यानं पलीकडे अडकून पडलेत. किंवा टँकर दारात येऊन उभा आहे आणि आतून कुणी दारच उघडत नाही. हंडा चारही वेळा कोरडाच. पण विहीर आटली असताना रस्ता दुरुस्त करून काय उपयोग?

शरीरातल्या पेशींना ऑक्सिजन कमी पडणं म्हणजे हायपॉक्सिया, आणि त्याचेही असेच चार प्रकार आहेत. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जोसेफ बारक्रॉफ्ट यांनी १९२० मध्ये पहिल्या तिन्हींची मांडणी केली. चौथा नंतर जोडला गेला.

पहिला, विहीर आटल्याचा: हायपॉक्सिक हायपॉक्सिया. फुफ्फुसातून रक्तात ऑक्सिजन शिरतच नाही. कारण उंची असेल, न्यूमोनिया असेल, फुफ्फुसात पाणी असेल, नाहीतर श्वासनलिकेत अडकलेला कफाचा गोळा. उंचीचा हायपॉक्सिया म्हणतात तो हाच, आणि ऑक्सिमीटर इमानेइतबारे पकडतं तेही यालाच.

दुसरा, टँकर कमी असल्याचा: हायपेमिक हायपॉक्सिया. इथे ऑक्सिमीटरवर विसंबणारा फसतो. समजा, नांदेडहून एका बाळंतिणीला मुंबईला हलवायचं आहे. बाळंतपणानंतर खूप रक्त गेलंय, हिमोग्लोबिन ६ वर आलंय. मॉनिटरवर सॅच्युरेशन ९८. विमान तयार, आणि सासरे अस्वस्थ.

"सिस्टर, अठ्ठ्याण्णव दाखवायलंय की. मग कामून थांबायलेत?"

"काका, अठ्ठ्याण्णव म्हणजे आहेत तेवढे टँकर भरलेत. पण टँकरच निम्म्याहून कमी राहिलेत. रक्ताच्या दोन पिशव्या चढू द्या, मग निघू."

सिस्टरचं म्हणणं आकड्यांत मांडता येतं. एक ग्रॅम हिमोग्लोबिन १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेतं. हिमोग्लोबिन १४ असलेल्या बाईच्या एक लिटर रक्तात साधारण १८० मिली ऑक्सिजन असतो. या बाळंतिणीच्या रक्तात ८०. दोघींच्या बोटावरचा आकडा मात्र तोच, ९८. जपानमधल्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास ज्या तत्त्वावर हे यंत्र उभं केलं, ते रक्ताचा रंग वाचतं. टँकर किती भरलाय ते त्याला दिसतं. टँकर किती आहेत, ते त्याच्या नजरेबाहेर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. म्हणजे आपल्याकडच्या नर्सला हा दुसरा प्रकार पुस्तकात शोधावा लागत नाही.

याच प्रकारात आणखी एक लबाडी आहे. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपलेली माणसं जातात ती यामुळे. अशा माणसाचे टँकर भरलेले असतात, पण विषानं. आणि साधं ऑक्सिमीटर तो रंगही ऑक्सिजनचाच समजतं. रक्ताची प्रयोगशाळेतली तपासणीच इथे खरं सांगते. शंभर टक्के ऑक्सिजन दिला की हा विषारी वायू साध्या हवेपेक्षा कितीतरी लवकर सुटतो, म्हणून इथे मॉनिटरकडे न बघता ऑक्सिजन पूर्ण उघडायचा.

तिसरा, रस्ता तुंबल्याचा: स्टॅग्नंट हायपॉक्सिया. ऑक्सिजन आहे, हिमोग्लोबिन आहे, पण रक्तच पुढे सरकत नाही. हृदय दमलंय, नाहीतर पेशंट शॉकमध्ये आहे, नाहीतर थंडीनं हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळल्यात. दर हजार फुटांना बाहेरचं तापमान जवळपास २ अंशांनी उतरतं, आणि हेलिकॉप्टरच्या दारातून येणारा वारा ते आत आणतो. ऑटच्या यादीत ब्लँकेटं होती ती उगीच नव्हती. बोट बर्फासारखं गार असेल तर ऑक्सिमीटरला नाडीच सापडत नाही, पडद्यावर नुसत्या रेघा येतात. अशा वेळी नर्स यंत्र झटकत बसत नाही. ती पेशंटच्या नखावर दाब देऊन सोडते आणि पांढरं पडलेलं नख पुन्हा गुलाबी व्हायला किती सेकंद लागतात ते मोजते. दोनपेक्षा जास्त लागले, तर रस्ता तुंबलाय. आणखी एक ध्यानात ठेवण्यासारखं. व्हेंटिलेटरनं छातीत फार दाब कोंडला, तर हृदयाकडे परतणारं रक्तही अडतं. फुफ्फुसासाठी केलेला उपाय असा रस्त्यावरचा दगड होऊ शकतो.

चौथा, दार बंद असल्याचा: हिस्टोटॉक्सिक हायपॉक्सिया. ऑक्सिजन पेशीच्या दारात पोचतो, पण पेशी तो वापरू शकत नाही. सायनाइड हेच करतं. फोमच्या गाद्या आणि प्लॅस्टिक जळतं तेव्हा धुरात हायड्रोजन सायनाइडही असतो. त्यामुळे कारखान्याच्या आगीतून काढलेला कामगार म्हणजे एकाच देहात सगळे प्रकार. काजळीनं सुजलेला घसा, कार्बन मोनॉक्साइडनं अडवलेलं हिमोग्लोबिन, शॉकनं मंदावलेलं रक्त आणि सायनाइडनं बंद केलेलं दार. त्याचं सॅच्युरेशन ९९ दिसलं म्हणून खूश होणाऱ्या नर्सनं अजून पहिलंच उत्तर वाचलंय.

तो दुसरा पेशंट

विमानात ऑक्सिजन कमी पडू शकणारं आणखी एक माणूस असतं, आणि त्याच्या बोटाला ऑक्सिमीटर नसतं. ती म्हणजे खुद्द नर्स.

१५ एप्रिल १८७५ रोजी पॅरिसहून 'झेनिथ' नावाचं बलून उडालं. त्यात तिघं फ्रेंच होते: गॅस्तों तिसांदिए, जोसेफ क्रोसे-स्पिनेली आणि तेओदोर सिव्हेल. विरळ हवेत काय होतं याचा अभ्यास करणाऱ्या पॉल बेर यांच्याकडून ते शिकून आले होते, आणि ऑक्सिजन मिसळलेल्या हवेच्या पिशव्याही त्यांनी बरोबर घेतल्या होत्या. तेवढा ऑक्सिजन पुरणार नाही, असं बेर यांनी पत्रानं कळवलं होतं, पण पत्र पोचायला उशीर झाला. बलून ८,००० मीटरच्या वर गेलं. तिसांदिएनं नंतर लिहून ठेवलं की वर चढताना त्याला कसलाच त्रास वाटत नव्हता, उलट आतून एक आनंद वाटत होता. ऑक्सिजनची नळी समोर होती. ती तोंडाशी न्यायला हात उचलत नव्हता. बलून खाली आलं तेव्हा त्याचे दोन्ही सोबती मेलेले होते. तो वाचला, पण कान गेले.

नळी हाताशी असताना माणसं गेली, याहून भयंकर तो आनंद आहे. हायपॉक्सिया आधी न्यायबुद्धी खातो, त्यामुळे आपली बुद्धी खाल्ली जातेय हे कळायला कुणी उरत नाही. १४ ऑगस्ट २००५ रोजी लार्नाकाहून अथेन्सला निघालेल्या हेलिऑस कंपनीच्या विमानात केबिनमध्ये दाबच भरला गेला नाही. इशाऱ्याचा भोंगा वाजला, वैमानिकांनी त्याचा अर्थ दुसराच लावला, आणि थोड्याच वेळात दोघंही बेशुद्ध झाले. इंधन संपेपर्यंत विमान आपोआप उडत राहिलं. १२१ जण गेले.

म्हणून हवाई दलाच्या बंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एअरोस्पेस मेडिसिनमध्ये आणि जगभरातल्या अशा संस्थांमध्ये शिकाऊंना कमी दाबाच्या बंद खोलीत बसवून स्वतःचा हायपॉक्सिया चाखायला लावतात. मास्क काढून सोपी वजाबाकी करायला सांगतात. करणाऱ्याला वाटतं, मस्त चाललंय. मास्क परत लावल्यावर तो कागद बघतो, तर अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं वाकडं आणि चौथ्या ओळीनंतर तोच आकडा पुन्हापुन्हा. २५,००० फुटांवर भानावर राहण्याचा अवधी तीन ते पाच मिनिटं, ३५,००० फुटांवर अर्धा ते एक मिनिट. प्रत्येकाची पहिली खूण वेगळी असते. कुणाची बोटं मुंग्या येऊन बधिर होतात, कुणाला उगाच हसू येतं, कुणाला चिडचिड होते. आपली खूण कोणती, ते तिथे कळतं. आणि केबिनचा दाब गेलाच, तर आधी स्वतःला मास्क लावायचा, मग पेशंटला. मुलाला जेवू घातल्याशिवाय स्वतः न जेवणाऱ्या आपल्या बायांना हा एक नियम फार जड जातो. पण बेशुद्ध नर्स म्हणजे फक्त आणखी एक पेशंट.

कोंडलेली हवा

पुण्याहून महाबळेश्वरला जाताना वेफर्सचं पाकीट फुगून टम्म झालेलं आपण पाहिलेलं असतं. बाहेरचा दाब घटला की कोंडलेली हवा पसरते, हा रॉबर्ट बॉइलचा १६६२ चा नियम. शरीरातली हवा गरम आणि ओली असल्यानं थोडी जास्तच पसरते. समुद्रसपाटीवरची एक लिटर हवा ८,००० फुटांवर जवळपास १.४ लिटर होते.

अपघातात बरगडी मोडून तिचं टोक फुफ्फुसात घुसलं, की फुफ्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये हवा साठते. हा न्यूमोथोरॅक्स. जमिनीवर छोटासा असलेला, एक्स-रेत जेमतेम दिसणारा न्यूमोथोरॅक्स आकाशात वाढतो, फुफ्फुस दाबतो आणि शेवटी हृदयालाही एका बाजूला ढकलतो. म्हणून नियम असा की छातीत हवा असेल तर आधी नळी, मग विमान. इथेच एक जुनी सवय घात करते. वॉर्डातून हलवताना नळीच्या टोकाची पाण्याची बाटली सांडू नये म्हणून छातीच्या नळीला चिमटा लावण्याची. चिमटा लावला की हवेची बाहेर पडायची एकमेव वाट बंद. उड्डाणात पाण्याच्या बाटलीऐवजी हाइमलिश व्हॉल्व्ह वापरतात: पारदर्शक नळकांड्यात रबराची चपटी जीभ, हवा बाहेर जाऊ देते, आत येऊ देत नाही. घशात घास अडकल्यावर पोट दाबायची युक्ती ज्यांच्या नावानं ओळखली जाते, त्याच हेन्री हाइमलिश यांनी तो बनवला, आणि व्हिएतनाम युद्धात तो सैनिकांच्या छातीला लागला.

आवाज हीदेखील अडचणच. इंजिनाच्या घरघरीत स्टेथोस्कोपला काही ऐकू येत नाही. छातीचा कुठला भाग उचलला जात नाही, मानेतल्या शिरा फुगल्यात का, श्वासनलिका मधोमध आहे का, व्हेंटिलेटरला दाब जास्त लागतोय का, हे सगळं डोळ्यांनी आणि हातांनी वाचावं लागतं. कानाचं काम बोटांवर येतं.

पण सर्वांत बारीक काम एका छोट्या फुग्यावर चालतं. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटच्या श्वासनलिकेत जी ट्यूब असते, तिच्या टोकाशी हवेचा एक फुगा असतो. तो नलिकेच्या भिंतीला टेकतो, म्हणून हवा गळत नाही आणि लाळ आत जात नाही. त्याचा दाब २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतका हवा. विमान वर चढतं, फुगा फुगतो आणि नलिकेचं नाजूक अस्तर दाबून त्याचा रक्तपुरवठा बंद करतो. म्हणून उड्डाणानंतर विमान चढत असताना नर्स ट्यूबच्या बाहेर लोंबणाऱ्या निळ्या नळीला दाबमापक लावून बसते आणि काटा सरकला की चिमूटभर हवा काढून घेते. उतरताना उलट. फुगा आक्रसतो, कडेनं जागा होते, घशात साठलेली लाळ आत झिरपते आणि दोन दिवसांनी न्यूमोनिया होतो. तेव्हा काढलेली हवा परत घालायची. काही ठिकाणी फुग्यात हवेऐवजी सलाइन भरतात, कारण पाणी असं फुगत नाही. प्रवास सुखरूप झाला म्हणून नातेवाईक हात जोडतात. या चिमूटभर हवेबद्दल त्यांना कधीच कळत नाही.

मोठ्या माणसातलं लहान फुफ्फुस

१९६७ मध्ये डेन्व्हरच्या ॲशबॉ, बिगेलो, पेटी आणि लेव्हिन या डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये बारा पेशंटांची हकीकत छापली. कुणाला अपघात झालेला, कुणाला विषाणूचा संसर्ग. कारणं वेगळी, पण सगळ्यांचा शेवट एकच: फुफ्फुसं ताठ, पाणावलेली, आणि ऑक्सिजन कितीही दिला तरी न पुरणारी. हाच एआरडीएस. हृदय ठीक असताना वायुकोशांभोवतीच्या केशवाहिन्या गळू लागतात. वायुकोश पाण्यानं भरतात. रक्त त्यांच्या शेजारून जातं आणि ऑक्सिजन न घेता पुढे निघून जातं.

इटलीच्या लुचानो गात्तिनोनी यांनी सीटी स्कॅन पाहून सांगितलं की अशा फुफ्फुसाचा बराच भाग बंद पडलेला असतो; हवा घेणारा उरलेला भाग पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या फुफ्फुसाएवढाच. त्याला त्यांनी 'बेबी लंग' म्हटलं. त्या चिमुकल्या भागात मोठ्या माणसाची हवा कोंबली, तर आधीच दुखावलेलं फुफ्फुस व्हेंटिलेटरच फाडतो. २००० मध्ये अमेरिकेत ८६१ पेशंटांवर झालेल्या अभ्यासात हे लख्ख दिसलं. वजनाच्या किलोमागे १२ मिलिलिटर हवा दिलेल्यांपैकी जवळपास ४० टक्के दगावले. ६ मिलिलिटर दिलेल्यांपैकी ३१ टक्के. हवा निम्मी केली, माणसं जास्त वाचली.

यात एक मेख आहे. वजन काट्यावरचं धरायचं नाही, उंचीवरून काढायचं. माणूस जाडा झाला म्हणून त्याचं फुफ्फुस वाढत नाही. १५५ सेंटिमीटर उंचीच्या बाईचं हिशेबी वजन ४८ किलो, म्हणजे एका श्वासाला २९० मिलिलिटरच्या आसपास. तिचं खरं वजन ८० किलो आहे म्हणून ४८० दिले, तर तो अन्याय तिच्या फुफ्फुसावर. नर्सच्या बॅगेत टेप असते ती यासाठी.

विमानात या फुफ्फुसाला दुहेरी मार बसतो. वरून उंची, आणि खालून हलवाहलव. व्हेंटिलेटर दर श्वासाच्या शेवटी थोडा दाब राखून वायुकोश मिटू देत नाही. वॉर्डाचं यंत्र काढून प्रवासाचं लावताना नळी दोन सेकंद जरी उघडी राहिली, तरी कष्टानं उघडलेले वायुकोश पटापट मिटतात आणि पुन्हा उघडायला तासन्‌तास लागतात. म्हणून जोड सोडण्याआधी ट्यूबला चिमटा लावायचा, यंत्र बदलायचं, मग चिमटा सोडायचा. छातीच्या नळीला चिमटा लावू नका आणि श्वासाच्या ट्यूबला विसरू नका. शिकाऊ मुली या दोन वाक्यांत पहिले काही महिने गोंधळतात, आणि गोंधळ संपतो तेव्हा त्यांना दोन्ही चिमट्यांमागची हवा कळलेली असते. एका ठिकाणी हवा बाहेर जायला हवी, दुसऱ्या ठिकाणी आत राहायला हवी.

वर नेऊन खाली उतरवणं

१९६२ च्या युद्धाच्या सुमारास भारतीय जवान मैदानातून थेट हिमालयात नेले गेले आणि तरणेबांड पोरं शत्रू दिसण्याआधीच खोकू लागली. कोरडा खोकला, रात्री वाढणारी धाप, मग फेसाळ गुलाबी थुंकी. हृदय निकोप, फुफ्फुसात पाणी. लष्कराच्या डॉक्टरांपैकी इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये यावर लिहिलं. १९६९ मध्ये उंचीच्या आजारानं ग्रासलेल्या १,९२५ जवानांवरचा त्यांचा लेख अमेरिकेत छापून आला, आणि जगभरच्या पुस्तकांना त्याची दखल घ्यावी लागली.

या आजाराचं कारण शरीराच्याच एका शहाणपणात आहे. फुफ्फुसाच्या एखाद्या भागात ऑक्सिजन कमी असेल, तर तिथल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्त चांगल्या भागाकडे वळतं. न्यूमोनियात हे फार उपयोगी. पण उंचावर सगळंच फुफ्फुस ऑक्सिजनला मुकलेलं असतं. वाहिन्या आवळतात, त्याही सारख्या नाहीत. ज्या आवळत नाहीत त्यांच्यातून रक्ताचा लोंढा शिरतो, केशवाहिन्या ताणून फुटतात आणि वायुकोश भरतात. म्हणून लष्कर आज जवानाला टप्प्याटप्प्यानं चढवतं. ९,००० ते १२,००० फुटांवर सहा दिवस, १५,००० पर्यंत आणखी चार, १८,००० पर्यंत आणखी चार.

तरीही कुणाला त्रास होतोच. ऑक्सिजन आणि नायफेडिपिन देतात, पण खरा उपाय एकच, खाली उतरवणं.

आता लेहचा विमानतळ डोळ्यांसमोर आणा. उंची १०,६८२ फूट. स्ट्रेचरवर असा एक जवान, नाकातोंडावर मास्क, सॅच्युरेशन सत्तरीत. त्याला चंदीगडला न्यायचंय, म्हणजे आधी हिमालयाच्या रांगांवरून पार. या प्रकरणात इथवर जे वाचलं, त्यावरून कुणीही म्हणेल, थांबा, याला वर नेऊ नका.

नर्स मात्र पायलटला एकच विचारते. केबिन किती ठेवणार? आठ हजार किंवा खाली, असं उत्तर आलं की ती निघते. दार बंद होतं, विमान धावपट्टी सोडून बर्फाच्या सुळक्यांवरून चढू लागतं, आणि त्याच वेळी आत दाब भरत जातो. बाहेरची सुई वीस हजारांच्या पुढे सरकते, केबिनची सुई दहा हजारांवरून खाली. पंख्यांच्या आवाजात नर्स मॉनिटरकडे बघत असते. ७४. ७८. जवानाचा श्वास किंचित सैल होतो. विमान चढतंय आणि पेशंट डोंगर उतरतोय.